ग्रीक-रोमन वारे: एक वायुदेव नव्हे, दिशादिशांचे देव

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ग्रीकांचा वायुदेव नेमका कोण, इओलस, बोरियस की झेफिरस? रोमन लोकांनी त्यांची फक्त नावं बदलली का? आणि या देवांना लोक खरंच पुजत होते, की हे सगळं कवींनी रचलेलं? प्राचीन ग्रीस आणि रोमचा इतिहास शिकवताना मला हे तिन्ही प्रश्न दर वर्षी ऐकू येतात. ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

ग्रीकांना एकच वायुदेव होता ही कल्पना आधी सोडून द्या. आपल्या अष्टदिक्पालांत वायूच्या वाट्याला वायव्य ही एकच दिशा आली आहे. बाकीच्या इंद्र, अग्नी, यम, वरुण वगैरेंकडे आहेत. ग्रीकांकडे मात्र सगळ्या दिशांना वारेच उभे आहेत आणि प्रत्येक वारा हा स्वतंत्र देव. उत्तरेचा बोरियस, दक्षिणेचा नोटस, पश्चिमेचा झेफिरस, पूर्वेचा युरस. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, हंगाम वेगळा. त्यामुळे नुसती वंशावळ पाठ करून हाती फारसं काही लागत नाही. समोर एजियन समुद्राचा नकाशा ठेवायचा आणि विचारायचं, की हा वारा कुठून येतो, कोणत्या महिन्यात येतो आणि येताना काय घेऊन येतो. शीड आणि वल्ह्यांवर जगणाऱ्या, द्राक्षं आणि जव पिकवणाऱ्या माणसांचे हे देव आहेत. त्यांच्यासाठी 'वारा सुटला' एवढी बातमी अपुरी असते. कुठला वारा सुटला हे कळल्याशिवाय ना नांगर उचलता येतो, ना मळणी काढता येते.

वंशावळीचं थोडक्यात सांगून टाकते. प्राचीन ग्रीक कवी हेसियडच्या 'थिऑगनी' या देवांच्या वंशावळीच्या काव्यात अॅस्ट्रेयस आणि पहाटेची देवी इओस यांच्या पोटी वारे जन्मले असं आहे. तिथे तो तिघांचीच नावं घेतो: झेफिरस, बोरियस, नोटस. युरस त्याच्या यादीत नाहीच. होमरमध्ये मात्र चौघेही आहेत. पण हेसियडने पुढे जे म्हटलंय ते मला जास्त मोलाचं वाटतं. झ्यूसने टायफोयस या राक्षसाला पाडल्यावर त्याच्यापासूनही वारे निघाले, आणि ते वेगळ्या जातीचे. पहिले तिघे देवकुळातले आणि माणसांवर उपकार करणारे. टायफोयसचे वारे मात्र कधीही, कुठूनही सुटतात, गलबतं उधळतात, खलाशांना बुडवतात, उभ्या शेतांवर धुरळा पसरून पिकं मारतात. म्हणजे ज्या वाऱ्याची दिशा आणि वेळ सांगता येते तो देव, आणि ज्याची सांगता येत नाही ती राक्षसाची अवलाद. इतका व्यवहारी भेद मला दुसऱ्या कुठल्या देवकथेत आढळलेला नाही.

आता इओलस. ग्रीकांचा वायुदेव म्हणून त्याचंच नाव सगळीकडे पुढे येतं, पण होमरच्या 'ओडिसी'त तो देवच नाही. तो हिप्पोटसचा मुलगा, देवांचा लाडका असा एक माणूस. पितळी तटबंदीच्या तरंगत्या बेटावर सहा मुलगे, सहा मुली आणि बायको यांच्यासह मेजवान्या झोडत राहणारा. झ्यूसने त्याला वाऱ्यांचा कोठावळा नेमलंय: हवा तो वारा थांबवायचा, हवा तो सोडायचा. तो ओडिसियसला नऊ वर्षांच्या बैलाच्या कातड्याची पिशवी देतो. तिच्यात सगळे आडवे वारे कोंडून तोंड चांदीच्या दोरीने आवळलेलं, आणि बाहेर मोकळा सोडलेला एकटा झेफिरस. हा तपशील नकाशावर लावून बघा. ओडिसियसचं घर इथाका हे ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं बेट आहे आणि तो पश्चिमेकडून परततोय, म्हणून त्याला पश्चिमेचाच वारा हवा. नऊ दिवस तो स्वतः शीड सांभाळतो. दहाव्या दिवशी मायभूमी दिसते, किनाऱ्यावर पेटलेल्या शेकोट्याही दिसतात, त्याला झोप लागते आणि खजिना असेल म्हणून सोबती पिशवी उघडतात. गलबतं थेट इओलसच्या दारात परत. दुसऱ्यांदा तो मदत करत नाही. देवांना नकोसा झालेल्या माणसाला मी वाटेला लावणार नाही म्हणतो. इथे अधिकार दिसतो, पण देवत्व नाही.

हे बेट कुठलं यावर प्राचीन लोकांनीही खल केला आणि सिसिलीच्या उत्तरेकडची लिपारी बेटं ठरवली. त्यांना आजही इओलियन बेटंच म्हणतात. प्लिनी या रोमन लेखकाने त्यातल्या स्ट्राँबोली या ज्वालामुखीच्या बेटाबद्दल एक फार छान गोष्ट नोंदवली आहे. तिथले रहिवासी डोंगरातून निघणाऱ्या धुरावरून पुढच्या तीन दिवसांत कुठले वारे वाहतील ते सांगतात असं म्हणत, आणि त्यावरूनच वारे इओलसच्या आज्ञेत होते हा समज निघाला. हे स्पष्टीकरण खरं असो वा नसो, वाऱ्याचा आगाऊ अंदाज सांगणारा माणूस समुद्रावरच्या लोकांना राजासारखा वाटला असेल हे मला पटतं.

होमरचा झेफिरस वाचताना पुष्कळांचा गोंधळ उडतो. चित्रांमधून आपल्या मनात बसलेला झेफिरस म्हणजे वसंतातली मंद झुळूक. 'इलियड'मधला झेफिरस तसा नाही. ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या पेट्रोक्लसची चिता पेट घेत नाही, तेव्हा त्याचा मित्र अकिलीस बोरियस आणि झेफिरस या दोघांना नवस बोलतो आणि सोन्याच्या पेल्यातून त्यांच्या नावाने मद्य ओततो. त्याची प्रार्थना घेऊन देवांची दूत आयरिस जाते, तेव्हा सगळे वारे झेफिरसच्या घरी जेवायला बसलेले असतात. ती उंबरठ्यावर दिसताच सगळे उठून उभे राहतात आणि जो तो तिला आपल्या शेजारी बसायला बोलावतो. ती थांबत नाही. इथिओपियाच्या लोकांकडे देवांचा नैवेद्य चालू आहे, तिथे माझा वाटा चुकेल म्हणते. मग दोघे वारे ढग हाकत, समुद्र घुसळत येतात, रात्रभर चिता धडधडत ठेवतात आणि पहाटे थ्रेसच्या समुद्रावरून घरी परततात. पश्चिमेचा वारा उत्तरेच्या थ्रेसमध्ये कसा राहतो? ट्रॉयच्या किंवा आशिया मायनरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कोडं सुटतं. तिथून थ्रेस वायव्येला पडतो आणि तिकडून येणारा वारा थंड, जोरकस असतो. ज्या किनाऱ्यावर ही काव्यं घडली, त्या किनाऱ्याचा तो झेफिरस आहे. पुढे ग्रीसच्या मुख्य भूमीवर आणि इटलीत तोच देव फुलांचा सोबती झाला. हायसिंथस या तरुणाच्या प्रेमात पडून मत्सराने अपोलोची थाळी त्याच्या डोक्यावर ढकलणारा झेफिरसही नंतरच्या कवींचाच.

बोरियसवर मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी आहे.

कथा अशी. अथेन्सचा राजा एरेक्थियस, त्याची मुलगी ओरिथिया. ती इलिसस नदीकाठी खेळत असताना बोरियसने तिला उचललं आणि थ्रेसला नेलं. रोमन कवी ओव्हिड सांगतो की आधी त्याने रीतसर मागणी घातली होती. नकार आल्यावर, मला गोड बोलणं शोभत नाही, जोरच माझं शस्त्र, असं म्हणून तो झेपावला. त्यांचे जुळे मुलगे झीटीस आणि कॅलेइस यांना दाढीमिशीबरोबर पंखही फुटले. अर्गो जहाजावरच्या वीरांत तेही होते, आणि आंधळ्या फिनियसचं अन्न पळवणाऱ्या हार्पींना त्यांनीच पिटाळलं.

आता इ.स.पू. ४८० मध्ये या. इराणचा सम्राट झर्क्सिस याचं अवाढव्य आरमार ग्रीसच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरत होतं. सेपियास भूशिराजवळचा किनारा अरुंद होता, म्हणून थोडीच गलबतं काठाला लागली. बाकीची आठ-आठ ओळींत, नाळ समुद्राकडे करून नांगरून पडली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की रात्र निवांत गेली आणि पहाटे निरभ्र आकाशाखाली समुद्र उकळायला लागला. ज्यांना वेळेत सुचलं त्यांनी गलबतं वर ओढून घेतली, बाकीची खडकांवर फुटली. कमीत कमी सांगणारेसुद्धा चारशे गलबतं गेली म्हणतात, असं तो नोंदवतो. वादळ तीन दिवस चाललं. इराण्यांच्या मगी पुरोहितांनी बळी दिले, मंत्र म्हटले आणि चौथ्या दिवशी वारा पडला. लगेच पुढे हिरोडोटस म्हणतो, किंवा तो आपल्या मनानेच पडला असेल. त्या किनाऱ्यावर जमीन असलेल्या अमिनोक्लिस नावाच्या एका माणसाचं तर नशीबच उघडलं: पुढे कितीतरी काळ तो वाहून आलेले सोन्या-चांदीचे पेले वेचत राहिला.

अथेन्सच्या लोकांना त्याआधी कौल मिळाला होता की 'जावयाला मदतीला बोलवा'. आपला जावई कोण? राजाची मुलगी बोरियसला दिलेली, तेव्हा जावई तोच. त्यांचं आरमार युबिया बेटावरच्या खाल्किसला थांबलं होतं. तिथे त्यांनी बोरियस आणि ओरिथिया या जोडप्याला बळी अर्पण केले. बारा वर्षांपूर्वी अॅथोसच्या डोंगराजवळही इराणी आरमार असंच फुटलं होतं, आणि तेही आमच्या जावयानेच केलं असं ते म्हणत. घरी परतल्यावर त्यांनी इलिससच्या काठी बोरियसचं देवस्थान उभारलं. आसपासच्या दशकांत अथेन्सच्या लाल आकृत्यांच्या भांड्यांवर ओरिथियाच्या अपहरणाचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो: पंखवाला, विस्कटलेल्या टोकदार केसांचा बोरियस मोठी ढांग टाकतोय आणि मुलगी पळतेय. एरवी लाजिरवाणी वाटावी अशी कथा अथेन्सने अभिमानाची करून टाकली. एक तपशील हिरोडोटस सहज देऊन जातो, तो सोडू नका. त्या किनाऱ्यावरचे लोक या वाऱ्याला 'हेलेस्पाँटचा वारा' म्हणत होते, म्हणजे ईशान्येकडून येणारा. वारा तोच, पण अथेन्सला तो आपला नातेवाईक हवा होता.

हाच बोरियस दक्षिण इटलीतल्या थुरी शहराचा नागरिकही झाला. सिसिलीतल्या सिराक्यूजचा सत्ताधीश डायोनिसियस याने त्यांच्यावर पाठवलेलं आरमार उत्तरेच्या वाऱ्याने बुडवलं, म्हणून थुरीकरांनी ठराव करून बोरियसला नागरिकत्व दिलं, घर आणि जमीन नेमून दिली. ईलियन या लेखकाने ही हकिगत जपून ठेवली आहे.

ही फक्त शहरांच्या पातळीवरची भक्ती नव्हती. झेनोफन इ.स.पू. ४०१ नंतरच्या हिवाळ्यात दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिकांबरोबर आर्मेनियाच्या डोंगरांतून चालला होता. पुरुषभर खोल बर्फ, आणि बोरियस थेट तोंडावर, माणसं गोठवणारा. तेव्हा एका ज्योतिषाने वाऱ्याला बळी द्यायला सांगितलं. बळी दिला आणि वाऱ्याचा जोर ओसरला, तो सगळ्यांनाच जाणवला, असं झेनोफन सरळ लिहून जातो. हा माणूस सॉक्रेटिसच्या सहवासात वाढलेला, हिशेबी सेनानी. काव्य रचत बसायची ती वेळच नव्हती. तरीही त्या रात्री जनावरं, गुलाम आणि तीसेक सैनिक दगावले, हेही तो लपवत नाही.

पूजा किती जुनी, याचा पुरावा तर होमरच्याही आधीचा आहे. क्रीटमधल्या नॉसोसच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवरची लिपी मायकेल व्हेन्ट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. देवस्थानांना दिलेल्या तेलाच्या या हिशेबांत एक नोंद आहे ती 'वाऱ्यांच्या पुजारणी'च्या नावाची. इसवी सनापूर्वी बाराशे-तेराशे वर्षांच्याही मागची ही गोष्ट. म्हणजे वाऱ्यांची रीतसर पूजा होती, तिला नेमलेली बाई होती आणि तिला राजवाड्याकडून तेलाचं माप बांधून दिलेलं होतं.

त्यानंतर दीड हजार वर्षांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी लेखक ग्रीस फिरला, तेव्हाही ही पूजा चालू होती. टिटानी इथे वाऱ्यांची वेदी होती आणि वर्षातून एकाच रात्री पुजारी तिथे बळी देई. शिवाय चार खड्ड्यांपाशी गुप्त विधी करी आणि कथांमधल्या मिडीया या चेटकिणीचे म्हणून सांगितले जाणारे मंत्र पुटपुटे. त्याहून मला प्रिय आहे ती मेथाना द्वीपकल्पातली नोंद. द्राक्षवेलींना कोवळे कोंब फुटले की तिथे लिप्स नावाचा वारा येऊन ते जाळून टाकायचा. त्यावर उपाय म्हणून पूर्ण पांढऱ्या पंखांचा कोंबडा घ्यायचा, दोन माणसांनी त्याचे दोन भाग करायचे, एकेक भाग घेऊन दोघांनी मळ्याला उलट-सुलट दिशांनी धावत फेरा घालायचा आणि जिथून निघाले तिथेच भेटून तो पुरायचा. वाऱ्याला मळ्याबाहेर ठेवणारं कुंपणच घातलं म्हणा ना. यात ऑलिम्पस नाही, वंशावळ नाही, काव्य नाही. कोंब वाचले पाहिजेत, एवढंच आहे.

श्रद्धेबरोबर शंकाही पहिल्यापासून नांदत होती, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस आणि फीड्रस इलिससच्या काठाने चाललेत. फीड्रस विचारतो, बोरियसने ओरिथियाला उचललं ते इथूनच ना? सॉक्रेटिस म्हणतो, नाही, जरा खाली, जिथे नदी ओलांडतात तिथे, बोरियसची वेदीही आहे तिकडे. तुमचा यावर विश्वास आहे का, असं विचारल्यावर तो म्हणतो की शहाणी मंडळी सांगतील, मुलगी खडकांवर खेळत होती आणि वाऱ्याच्या झोताने खाली पडून मेली. पण अशा प्रत्येक कथेची उकल करत बसायला मला सवड नाही, अजून मी स्वतःलाच ओळखलेलं नाही. अॅरिस्टॉटलने तर वारा म्हणजे जमिनीतून उठणारं कोरडं बाष्प अशी उपपत्ती मांडली आणि वाऱ्यांचं दिशाचक्र आखलं. त्यात त्याने बोरियस, झेफिरस, नोटस ही देवांचीच नावं वापरली, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दोन्ही गोष्टी एकाच दगडात बघायच्या असतील तर अथेन्सच्या रोमन अगोरातला, म्हणजे जुन्या बाजारचौकातला, 'वाऱ्यांचा मनोरा' बघा. सिरसच्या अँड्रोनिकसने बांधलेला, संगमरवरी, अष्टकोनी, सुमारे बारा मीटर उंच. आत पाण्याचं घड्याळ होतं, बाहेर आठही भिंतींवर सूर्यघड्याळांच्या रेघा आहेत, आणि व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुतज्ज्ञ सांगतो की माथ्यावर ट्रायटन या समुद्रदेवाची पितळेची मूर्ती वाऱ्याबरोबर फिरून, जो वारा वाहत असेल त्याच्या मूर्तीवर हातातली काठी धरत असे. वर कडेने आठ पंखवाले पुरुष उडताना कोरले आहेत. खाली उभं राहून मान वर करून एकेक दिशा वाचत फेरी मारायची. उत्तरेला बोरियस: दाढी, जाड बाह्यांचा अंगरखा, फुगलेली शाल, तोंडाशी शंख. ईशान्येचा कैकियस ढाल भरून गारा ओततोय. पूर्वेचा अपेलिओटीस तरणाबांड, ओच्यात फळं आणि धान्य. युरस आठ दिशांच्या या मांडणीत पूर्वेकडून आग्नेयेला सरकलाय, शालीत गुरफटलेला. दक्षिणेचा नोटस घडा उपडा करतोय, म्हणजे पाऊस. नैर्ऋत्येच्या लिप्सच्या हातात जहाजाच्या मागच्या टोकाचा वळणदार भाग आहे. पश्चिमेचा झेफिरस जवळजवळ उघडा, ओच्यात फुलं. वायव्येच्या स्किरॉनने एक भांडं तिरकं केलंय. त्यात निखारे आहेत असं सहसा मानतात.

बघा, प्रत्येकाच्या हातात तो काय आणतो तेच आहे. अंगावरचे कपडेसुद्धा हवामानाचे आहेत: गार वाऱ्यांना दाढी आणि जाड कपडे, उबदार वाऱ्यांना कोवळे चेहरे. व्यापारी सकाळी अगोरात येताना मान वर करून बघत असेल, काठी लिप्सवर आहे की बोरियसवर, आणि त्यावर माल चढवायचा की थांबायचं ते ठरवत असेल. ही वास्तू नंतर ख्रिस्ती लोकांनी वापरली, अठराव्या शतकात दर्विशांनी इथे आपला मठ केला. त्यामुळेच ती टिकली. डागडुजीनंतर २०१६ पासून ती पुन्हा लोकांसाठी खुली आहे. अथेन्सला गेलात तर अॅक्रोपोलिसवरून उतरताना अर्धा तास इथे द्याच.

आता रोमन. नावं त्यांनी बदलली हे खरं: बोरियसचा अक्विलो, नोटसचा ऑस्टर, झेफिरसचा फॅव्होनियस, लिप्सचा आफ्रिकस. पण तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं होईल. रोमन भक्तीचा रोख वेगळा आहे. त्यांच्याकडे वाऱ्यांच्या प्रेमकथा फारशा नाहीत. नवस आणि फेड आहे. इ.स.पू. २५९ चा कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, लुसियस कॉर्नेलियस स्किपिओ कॉर्सिकाजवळ वादळात सापडला आणि वाचला, म्हणून त्याने रोममध्ये टेंपेस्टाटीसचं, म्हणजे वादळदेवींचं, देऊळ बांधलं. त्याच्या थडग्यावरच्या लेखात शेवटी हेच कोरलं आहे की त्यांचं देणं होतं म्हणून देऊळ दिलं. इटलीतल्या अँझिओच्या बंदरात तीन वेद्या सापडल्या: एक नेपच्यूनची, एक शांत समुद्राची, एक वाऱ्यांची. बंदरातून बाहेर पडणाऱ्याला ज्या तिघांची गरज, ते तिघे ओळीने.

सगळ्यात बोलकं उदाहरण सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने दिलंय. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये, सर्कियस नावाचा वारा घरं हलवून टाकतो. हाच आजचा मिस्त्राल. तरीही तिथले लोक त्याचे आभार मानतात, कारण हवा निरोगी राहते ती त्याच्यामुळे अशी त्यांची समजूत. सम्राट ऑगस्टस तिथे असताना त्याने या सर्कियसला देऊळ बोलला आणि बांधलंही. अर्ध्या जगाचा धनी परमुलखातल्या एका स्थानिक वाऱ्यापुढे नवस बोलतो. ग्रीक देवाचं नाव बदलून घेतलं असं इथे म्हणता येत नाही. हा वारा त्या मातीतला, नावही तिथलंच.

ऑगस्टसच्याच काळात व्हर्जिल या कवीने इओलसला बढती दिली. होमरचा तो मेजवान्या झोडणारा कोठावळा व्हर्जिलच्या 'एनिड' या महाकाव्यामध्ये उंच गडावर राजदंड घेऊन बसलेला राजा होतो, आणि खाली गुहेत वारे कैद्यांसारखे धडका देत असतात. देवांची राणी जूनो त्याला डिओपिया ही सुंदर अप्सरा बायको म्हणून देऊ करते, तो भाल्याने डोंगराची कूस उघडतो आणि वादळ सुटतं. मग समुद्रदेव नेपच्यून वर येऊन वाऱ्यांना दम देतो: तुमच्या राजाला सांगा, समुद्र माझा आहे, त्याने आपल्या तुरुंगावर राज्य करावं. यादवी युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या रोमला हे दृश्य कसं वाटलं असेल याची कल्पना करा. पाठ्यपुस्तकांतला 'वायुदेव इओलस' मुख्यतः इथून आलाय, होमरमधून नाही.

फॅव्होनियस हा मात्र शेतकऱ्यांचा आणि खलाशांचा लाडका. प्लिनी त्याच्या आगमनाची तारीखच देतो, ८ फेब्रुवारी; तेव्हापासून हिवाळा नरम पडतो. ओव्हिडच्या कवितेत फुलांची देवी फ्लोरा स्वतः सांगते की मी आधी क्लोरिस होते, झेफिरसने मला पळवलं आणि बायको करून फुलांची मालकीण केलं. पंधराव्या शतकात बॉटिचेल्लीने 'प्रिमावेरा'मध्ये रंगवला तो हाच प्रसंग. व्होल्टर्नस हा वारा मात्र रोमन स्मृतीत कडू आहे. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत तो रोमन सैन्याच्या तोंडावर धूळ उडवत राहिला, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो.

आणि याच दोन वाऱ्यांची नावं रोमन खलाशी आपल्या समुद्रात घेऊन आले. प्लिनी सांगतो की अरबस्तानच्या भूशिरावरून भारताकडे येण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे फॅव्होनियस, ज्याला तिकडे 'हिप्पालस' म्हणतात. हा आपला नैर्ऋत्य मोसमी वारा. तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जुलैच्या सुमारास, इजिप्तच्या बेरेनिके बंदरातून निघायचं, तांबड्या समुद्राच्या तोंडावरच्या ओकेलिसपासून चाळीस दिवसांत केरळच्या किनाऱ्यावरचं मुझिरिस गाठायचं, आणि डिसेंबरच्या सुमारास व्होल्टर्नसवर परतायचं. पुढे तांबड्या समुद्रात आफ्रिकस किंवा ऑस्टर. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी वहीत आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं ओळीने नोंदलेली आहेत. तेव्हा कोकणात जून-जुलैत छपरं उडवणारा वारा त्या काळच्या एखाद्या रोमन तांडेलाच्या तोंडी फ्लोराच्या नवऱ्याच्या नावाने यायचा. एकाच वायुदेवाच्या शोधात निघालात तर हा धागा हातातून निसटतो. दिशा आणि हंगाम धरून वाचलंत तर अथेन्सचा मनोरा, अँझिओच्या वेद्या आणि चौलचं बंदर एकाच नकाशावर येतात.